‘तू अजून शाळेतच?’

एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४१. गेली १६ वर्षं त्या सहावी ते नववीच्या वर्गांना गणित शिकवतात. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसमोर ‘मी या पेशात का राहिले’ या विषयावर पाच मिनिटं बोला, असं शाळेने त्यांना सांगितलं आहे. त्या तीन रात्री कोरा कागद पुढ्यात घेऊन बसल्या. कागदावर दोनच शब्द उतरले, ‘कर्ज’ आणि ‘सवय’. तेही त्यांनी खोडले. नेमकं याच सुमाराला डिजिटल धडे तयार करणाऱ्या एका कंपनीकडून त्यांना विचारणा झाली आहे. पगार बराच जास्त, संध्याकाळ मोकळी, आणि महिन्याभरात हो किंवा नाही सांगायचं आहे. स्टाफरूममध्ये ११ वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलेली मैत्रीण मागच्या वर्षी शाळा सोडून गेली. ती भेटली की विचारते, ‘तू अजून शाळेतच?’ भाऊ म्हणतो, विचार कसला करतेस, सही कर. रविवार संध्याकाळ झाली की यांच्या पोटात गोळा येतो. वह्या, पेपर, ऑनलाइन माहिती भरणं, रात्री साडेदहापर्यंत येणारे पालकांचे मेसेज यांनी जीव मेटाकुटीला आला आहे. ‘मुलांवर मात्र अजून चिडत नाही, वर्गाचं दार लोटलं की बरं वाटतं,’ असं त्या लिहितात. त्यांचा प्रश्न असा: ‘राहण्याचं एकही धड कारण जिला सांगता येत नाही, तिने मुलांसमोर उभं राहावं का? ही फसवणूक तर नाही?’

पत्राखाली ता.क. आहे: ‘परवा सहावीत फळ्यावर ८ + ४ = चौकट + ५ असं लिहिलं. एका मुलीने चौकटीत १२ लिहिले. मी तराजू काढला आणि सगळा तास त्यातच गेला. बेल झालेली कळलीच नाही. अभ्यासक्रम मागे पडतोय म्हणून बोलणी खाल्ली.’

बाई,

शाळेत तुम्हाला सगळे याच नावाने हाक मारत असतील, म्हणून मीही तीच मारते. मी १९ वर्षं भाषा शिकवली आणि मग ते थांबवून लिहायला लागले. तुमच्या प्रश्नाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे मी राहून आले आहे. दोन्हीकडे चांगली माणसं आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

त्या दोन शब्दांपासून सुरुवात करू. तुम्ही ते खोडायला नको होते. घराचे हप्ते वेळेवर जावेत म्हणून ठरलेल्या तारखेला पगार देणारी नोकरी धरून ठेवली, यात लाजायचं काय? विमान चालवणाऱ्याला, हिशेब लिहिणाऱ्याला, दात काढणाऱ्याला कुणी उभं करून विचारत नाही की, बाबा रे, तू पगारासाठी तर काम करत नाहीस ना? शिक्षकाला विचारतात. आणि त्याहून वाईट म्हणजे शिक्षक स्वतःच स्वतःला विचारत राहतो.

ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संस्था दर काही वर्षांनी जगभरातल्या शिक्षकांची मोठी पाहणी करते. २०१८ च्या पाहणीत ४८ देश-प्रदेशांतल्या सुमारे २ लाख ६० हजार शिक्षकांनी उत्तरं दिली होती. या पेशात का आलात, या प्रश्नावर दहांतल्या साधारण नऊ जणांनी मुलांच्या घडणीत वाटा उचलता येतो आणि समाजाला काही देता येतं, हे महत्त्वाचं कारण सांगितलं. पगाराची खात्री आणि नोकरीची शाश्वती हीही महत्त्वाची कारणं म्हणणारे निम्म्याहून बरेच जास्त होते. म्हणजे कित्येकांनी दोन्ही रकान्यांत खूण केली. प्रेम असेल तर गरज नसते आणि गरज असेल तर प्रेम खोटं असतं, हा हिशेब आपण कुठून शिकलो कोण जाणे. तुम्ही कर्ज फेडता आहात आणि तराजू काढून बसता आहात. दोन्ही खरं आहे.

‘शिकवणं हा पवित्र पेशा आहे’ हे वाक्य मला मनापासून खटकतं. कामाबद्दल आदर कमी आहे म्हणून नव्हे. ते वाक्य कधी उच्चारलं जातं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. एका वर्गात इतकी मुलं कोंबू नका म्हणावं, थकलेला पगार मागावा, सुट्टीतली जादा कामं नाकारावीत, की ते वाक्य पुढे येतं आणि माणूस गप्प होतो. त्याच पाहणीत ओईसीडी देशांमधल्या सरासरी २६ टक्के शिक्षकांनाच वाटत होतं की समाज आपल्या पेशाला मोल देतो. चारांत एक. पण आपल्या नोकरीबद्दल एकूणात समाधानी आहोत असं म्हणणारे तिथे ९० टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की खरा प्रश्न दिसतो. मान मिळत नाही हे ठाऊक असूनही माणसं समाधानी असतील, तर ते समाधान येतं कुठून?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी शिक्षकांच्या लांबलचक मुलाखती घेऊन १९७५ मध्ये याचं एक उत्तर मांडलं होतं. शिक्षकांना सगळ्यात मोठं समाधान पगारातून किंवा बढतीतून मिळत नाही. आपण शिकवलं आणि समोरचं मूल शिकलं, असं जाणवतं त्या क्षणांतून ते मिळतं. इथवर सगळेच मान डोलावतील. त्यांनी नोंदवलेली दुसरी गोष्ट मात्र समारंभाच्या भाषणांत येत नाही. हे समाधान बेभरवशाचं असतं. मूल शिकलं ते माझ्यामुळे, की आदल्या वर्षीच्या बाईंमुळे, की घरच्या मोठ्या बहिणीमुळे, हे शिक्षकाला कधीच नक्की कळत नाही. सुताराला संध्याकाळी खुर्ची दिसते. आपल्याला संध्याकाळी दिसतात त्या न तपासलेल्या वह्या.

म्हणूनच ‘का राहिलात’ विचारलं की बहुतेक शिक्षक एकच गोष्ट सांगतात. वीस वर्षांनी कुठेतरी भेटलेला विद्यार्थी, त्याने काढलेली आठवण, भरून आलेले डोळे. या गोष्टी खऱ्या असतात. माझ्याकडेही दोन आहेत आणि मी त्या जपून ठेवल्या आहेत. पण बाई, अशा दोन भेटींच्या जोरावर १९ वर्षांच्या सोमवार सकाळी उठवत नाही. शिवाय ज्या नव्या शिक्षकाला अशी भेट मिळायला अजून पंधरा वर्षं आहेत, त्याने तोवर काय करायचं? तुमच्याकडे अशी गोष्ट नसेल किंवा तीन रात्रींत ती आठवली नसेल, तर त्यावरून तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

सिद्ध होतं ते तुमच्या ता.क.वरून.

मी तो मजकूर चार वेळा वाचला. जो कधी शिकवत नाही त्याला तिथे एक चुकलेलं गणित दिसेल. फार तर तो म्हणेल, पुढचा ५ पाहायला मुलगी विसरली. तुम्हाला निराळंच दिसलं. त्या मुलीसाठी ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम आहे, कारण पहिलीपासून तिने ते बेरजेच्या शेवटीच पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या, हा त्याचा अर्थ तिच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. आणि तो आत्ता पोचला नाही, तर पुढे बीजगणितात क्ष समोर आला की ती अडखळणार, वर्षभर अडखळणार, आणि मग स्वतःबद्दल ठरवून टाकणार की मला गणित येत नाही. हे सगळं तुम्हाला चौकटीतल्या एका आकड्यावरून अर्ध्या मिनिटात कळलं. लगेच तराजू सुचला. दुसरा एखादा चिन्हाचा अर्थ तोंडी सांगून पुढे गेला असता आणि मुलीने मान हलवली असती. मान हलवणाऱ्या मुलाला कळलेलं नसतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं.

ही गणिताची विद्या नव्हे. मोठ्या गणितज्ञाकडेही ती असेलच असं नाही. ली शुलमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ मध्ये तिला वेगळं नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधलं. विषय येणं ही एक गोष्ट, वर्ग हाताळता येणं ही दुसरी, आणि या विषयात या वयाचं मूल नेमकं कुठे अडकतं व तिथून ते कोणत्या उदाहरणाने सुटतं, हे जाणणं ही तिसरी. ही तिसरी गोष्ट पुस्तकातून थोडीच मिळते. बाकीची मिळते चुका पाहून. ०.१२ हे ०.९ पेक्षा मोठं म्हणणारी मुलं, छेद मोठा म्हणून एक चतुर्थांश हे एक तृतीयांशापेक्षा मोठं म्हणणारी मुलं, उणे गुणिले उणे अधिक कसं म्हणून रडकुंडीला आलेली मुलं. १६ वर्षांत तुम्ही अशा किती चुका पाहिल्या असतील! प्रत्येक चुकीमागे त्या मुलाचा स्वतःचा एक तर्क होता, आणि तो शोधून काढण्याचं काम तुम्ही केलं. ज्या शब्दाला तुम्ही ‘सवय’ म्हणून खोडलंत, त्याच्या पोटात हेही आहे.

माझं मत स्पष्ट सांगते. पुष्कळ चांगले शिक्षक या पेशात त्यागामुळे टिकत नाहीत. त्यांना त्या कामात अजून रस असतो म्हणून टिकतात. दुसऱ्याच्या डोक्यात एखादी गोष्ट कशी उगवते, हे कोडं त्यांच्यापुरतं अजून सुटलेलं नसतं. त्यामुळे ‘मी का राहिले’ हा प्रश्न बाजूला ठेवा. स्वतःला हे विचारा: येत्या वर्षी कोणता धडा वेगळ्या तऱ्हेने शिकवून बघावासा वाटतो? उत्तर चटकन आलं, तर तुमचं या कामाशी नातं जिवंत आहे, मग ते तुम्हाला भाषणात सांगता येवो न येवो. मी शिकवणं थांबवलं तेव्हा दोन वर्षं माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. जुन्या टिपणांवरून तास जात होते, निकालही चांगला लागत होता, बाहेरून कुणाला काही कळलं नसतं. मला कळत होतं.

आता दमण्याबद्दल, कारण ते खरं आहे आणि ते कौतुकाच्या चार वाक्यांनी जात नाही.

दमणं आणि मन मोडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिक्षकांवर काम करणाऱ्या डोरिस सँटोरो यांनी हा फरक फार चांगला दाखवला आहे. दमलेल्या माणसाची शक्ती संपलेली असते. त्याला विश्रांती, कमी तास, मदत हवी असते. मन मोडलेल्या माणसात शक्ती असते, पण जे योग्य आहे असं त्याला वाटतं ते करूच दिलं जात नाही, आणि त्याला सुट्टी देऊन काही होत नाही. सुट्टीहून परत आला की तीच भिंत. तुमच्यात मला दोन्ही दिसतं. वह्या आणि रात्रीचे मेसेज यांनी तुम्ही दमला आहात. तराजूच्या तासाबद्दल बोलणी खावी लागली, तिथे मन दुखावलं. एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडणार नाही, म्हणून आधी त्यांची वाटणी करा.

ती अशी. पुढचे दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. रोज शाळा सुटल्यावर तीन ओळी, जास्त नाही. आज कशाने दमले, कशाने बरं वाटलं, आणि काय करायचं होतं पण करू दिलं गेलं नाही. चौदा दिवसांनी ती वही घरातल्या कुणाला नव्हे, आधी स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवा. माझा अंदाज आहे की दमवणाऱ्या गोष्टींच्या यादीत मुलं फार खाली असतील. तुम्हीच लिहिलं आहे की वर्गाचं दार लोटलं की बरं वाटतं. म्हणजे रविवारचा गोळा दाराबाहेरच्या गोष्टींचा आहे.

याला महत्त्व का द्यायचं? कारण दाराबाहेरच्या गोष्टी बदलू शकतात, निदान त्यांतल्या काही. रिचर्ड इंगरसोल यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या शिक्षकांच्या सोडून जाण्याचा अभ्यास केला. त्यात निवृत्तीमुळे जाणारे तुलनेने थोडेच निघाले. नाराज होऊन जाणाऱ्यांनी सांगितलेली कारणं अशी होती: अपुरा पगार, वरिष्ठांचा न मिळणारा आधार, वर्गातल्या शिस्तीचे प्रश्न, आणि निर्णयांत आपल्याला कुणी विचारत नाही ही खंत. कामाच्या जागेचा परिणाम किती खोल जातो, हे मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पापे यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसतं. दहा वर्षांच्या अवधीत, शिक्षकांना चांगला आधार देणाऱ्या शाळांतले शिक्षक कमी आधार असलेल्या शाळांतल्या शिक्षकांपेक्षा शिकवण्यात ३८ टक्के जास्त सुधारले होते. चांगला शिक्षक काही अंशी चांगल्या शाळेतच तयार होत जातो. तेव्हा पेशा सोडावा का, या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न उभा आहे जो तुमच्या पत्रात आलाच नाही: शाळा बदलावी का?

आणि त्याच्याही आधी, मुख्याध्यापकांशी बोलायचं का? बोला. पण दहा तक्रारींचं गाठोडं घेऊन जाऊ नका. वहीतून एकच गोष्ट उचला, जिच्यामुळे सगळ्यात जास्त दमता, आणि ती कशी सोडवता येईल हेही सोबत न्या. ‘माझा ऑफ तास बदली तासात जातो. आठवड्यातले दोन ऑफ तास राखून द्या, मी त्यात वह्या संपवते’ असं. ‘फार काम आहे हो’ याला उत्तर म्हणून सहानुभूती मिळते. दोन तास मागितले तर हो किंवा नाही मिळतं, आणि नाही मिळालं तरी तुमच्या निर्णयाला ती माहिती लागणारच आहे. तराजूच्या तासाचंही बोला, तावातावाने नको. त्या मुलीची वही दाखवा. अभ्यासक्रम कशामुळे मागे पडला आणि काय पुढे गेलं, हे कागदावर दिसू द्या. पालकांच्या मेसेजसाठी मात्र कुणाची परवानगी लागू नये. संध्याकाळी सातनंतर उत्तर मिळणार नाही, तातडीचं असेल तर शाळेत फोन करा, असं एकदा सगळ्यांना कळवा आणि पाळा. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल. मग लोक शिकतात.

एक गोष्ट हळूच विचारते. मैत्रीण गेल्यापासून स्टाफरूममध्ये तुम्ही कुणाशी बोलता? वर्गात आज काय घडलं, हे ज्या एका माणसाला सांगावंसं वाटतं, ते माणूस गेलं की तेच काम दुप्पट जड होतं. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की यातला निम्मा थकवा गेल्या वर्षीपासूनचा आहे. तिच्या जागी दुसरी मैत्रीण मिळेल असं मी म्हणत नाही. पण त्या नव्या शिक्षकांपैकी एकाला किंवा एकीला तुमच्या तासाला मागे येऊन बसायला सांगा, आणि तुम्ही त्यांच्या तासाला बसा. महिन्यातून एकदा पुरे. शिकवणं हे भर वर्गात चालणारं पण फार एकट्याचं काम आहे. १६ वर्षांत तुमच्याजवळ काय साठलं आहे, हे दुसऱ्या शिक्षकाच्या डोळ्यांनीच तुम्हाला दिसेल.

आता त्या कंपनीबद्दल. मी तुम्हाला जा म्हणणार नाही आणि जाऊ नका असंही म्हणणार नाही. पगारातला फरक हा खरा मुद्दा आहे, कर्ज लवकर फिटलं तर आयुष्य मोकळं होतं, आणि मोकळ्या संध्याकाळची किंमत मला चांगली कळते. पण सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. आठवड्यातून किती वेळा मी प्रत्यक्ष मुलांना भेटणार? माझा धडा मुलांना कळला की नाही, हे मला कसं समजणार? तिथे आधी शाळेतून आलेलं कुणी असेल तर त्यांच्याशी अर्धा तास बोलू द्याल का? काहींना हे काम खरोखर मानवतं. एका तराजूचा धडा नीट रचला तर तो हजारो मुलांपर्यंत जातो, हे आकर्षण लहान नाही. काहींना मात्र तीन महिन्यांत कळतं की चौकटीत १२ लिहिणारी मुलगी समोर नसली की धडा रचण्यातली मजाच जाते. तुम्ही कोणत्या प्रकारच्या, हे मला सांगता येणार नाही. शाळेत बिनपगारी रजेची सोय असेल तर आधी त्याची चौकशी करा. कंपनीकडे काही काळ अर्धवेळ किंवा सुट्टीतलं काम मागून पाहा. महिन्याभरात आयुष्याचा निकाल लावलाच पाहिजे असं नाही. मुदत वाढवून मागितल्याने फार तर ते नाही म्हणतील.

राहायचं ठरलं, तर तेही कायमचं ठरवू नका. एका शैक्षणिक वर्षापुरतं ठरवा, आणि फेरविचाराची तारीख आत्ताच लिहून ठेवा. जन्मभर राहायचं या ओझ्याखाली माणसं एका वर्षाचाही आनंद घेऊ शकत नाहीत.

तुम्हाला हे सगळं आत्ताच का सुचतंय, याचीही फार काळजी करू नका. मायकेल ह्युबरमन यांनी १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या १६० माध्यमिक शिक्षकांच्या कारकिर्दीचा मागोवा घेतला. साधारण ७ ते १८ वर्षांच्या अनुभवाच्या टप्प्यात त्यांना दोन वाटा दिसल्या. काही शिक्षक नवे प्रयोग करू लागतात, काही ‘हेच करत राहायचं का’ असं स्वतःला विचारू लागतात. तुमचं सोळावं वर्ष आहे. आणि पत्र वाचून मला तर वाटतं की तुम्ही दोन्ही वाटांवर एकदम आहात. एका हाताने तराजू काढता, दुसऱ्या हाताने राजीनाम्याचा मसुदा चाचपता. असं होतं.

फसवणुकीचा तुमचा प्रश्न उरला. मुलांसमोर रोज उत्साहाने उसळत उभं राहणारी बाई हवी, असा करार कुणी केलेला नाही. मुलांना तुमच्या मनातली शंका बाधत नाही. त्यांना बाधतं ते दुर्लक्ष. ज्या दिवशी चौकटीतले १२ तुम्हाला दिसेनासे होतील, दिसले तरी ‘जाऊ दे’ वाटेल आणि हे महिनोन्‌महिने चालेल, त्या दिवशी हा प्रश्न पुन्हा विचारा. आज तो तुमचा नाही.

आणि गेलात, तरी ती गद्दारी नाही. युनेस्कोच्या म्हणण्यानुसार २०३० पर्यंत जगाला प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठी ४ कोटी ४० लाख शिक्षक आणखी लागणार आहेत. प्राथमिक शिक्षकांचं पेशा सोडण्याचं प्रमाण २०१५ मधल्या ४.६ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत ९ टक्क्यांवर गेलं. हे भयंकर आहे, आणि ज्यांच्या हातात पगार, वर्गांचा आकार आणि कामाचे तास आहेत त्यांची झोप त्याने उडायला हवी. पण त्या ४ कोटी ४० लाखांची उणीव एका गणिताच्या बाईने आपली रविवारची संध्याकाळ जाळून भरून काढायची नसते. मैत्रिणीवरही मनातून राग असेल तर तो सोडा. ‘तू अजून शाळेतच?’ हे ती तुम्हाला हिणवायला विचारते की स्वतः काय सोडून आली ते चाचपायला, कुणास ठाऊक. एकदा तिलाच उलट विचारा, तुला कशाची आठवण येते? तिचं उत्तर तुमच्या फार उपयोगी पडेल.

पोटातला गोळा मात्र नुसता सोसू नका. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणाऱ्या अशा अवस्थेची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रीतसर दखल घेतली आहे. तिला त्यांनी आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हटलं आहे. त्यामुळे हा तुमच्या स्वभावाचा कमकुवतपणा आहे असं समजायचं कारण नाही. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, शाळा नसतानाही मन उदास राहत असेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तसं असेल तर नोकरीचा निर्णय त्यानंतर. तब्येत बिघडलेली असताना घेतलेला निर्णय बहुतेकदा तब्येतीचा असतो, आपला नसतो.

राहिली ती पाच मिनिटं. समोर बसलेल्या नव्या शिक्षकांपैकी काही जण पहिल्या वर्षाच्या अखेरीला रात्री जागे असतील आणि त्यांनाही वाटत असेल की बाकी सगळ्यांकडे राहण्याचं काहीतरी थोर कारण आहे, आपल्याकडेच नाही. त्यांच्यासाठी बोला. तोच कागद पुन्हा घ्या आणि खोडलेलं परत लिहा. कर्ज. सवय. ते तसेच वाचून दाखवा. मग फळ्याकडे वळून ८ + ४ = चौकट + ५ लिहा, चौकटीत १२ भरा, आणि त्यांना विचारा की या मुलीने असं का लिहिलं असेल. उरलेली चार मिनिटं त्यांना बोलू द्या.